सहाचा फोन पाच वाजता

असल्फ्याच्या डोंगरावरून उतरून साकीनाक्याला कामाला जाणाऱ्या बायकांमध्ये सुगंधा परब गेली बावीस वर्षं होती. मेट्रो झाली तरी तिने चालणं सोडलं नाही. एका स्टेशनासाठी एवढे जिने चढायचे आणि उतरायचे, त्यापेक्षा आपले पाय बरे, असा तिचा हिशोब. तिचं ऑफिस एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या पहिल्या मजल्यावर होतं. खालच्या गाळ्यात दिवसभर पत्रे कापायचं मशीन चालायचं, त्यामुळे फोनवर जरा मोठ्याने बोलायची तिला सवयच लागली होती. घरी नवरा म्हणायचा, अगं मी इथेच आहे, बोरिवलीला नाही.

सुगंधाचे वडील सहदेव मालवणकडचे. गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्यालाच एका वर्कशॉपमध्ये लागले. सुगंधाचं बी. कॉम. दुसऱ्या वर्षात राहिलं. बाविसाव्या वर्षी ती या ऑफिसात फोन घ्यायला म्हणून आली, तेव्हा इथे कॉम्प्युटर दुरुस्त व्हायचे. पुढे मालकांनी लोकांच्या वेबसाइट ठेवण्यासाठी सर्व्हर भाड्याने घेतले, आणि दुरुस्तीचं दुकान होतं त्याची होस्टिंगची कंपनी झाली. सुगंधाचं काम मात्र तेच राहिलं. तक्रार आली की लिहून घ्यायची आणि इंजिनिअरकडे द्यायची.

पहिल्याच आठवड्यात तिने एका गिऱ्हाइकाचं नाव विसरून बोलणी खाल्ली होती. घरी येऊन रडली तेव्हा वडील एवढंच म्हणाले होते, "लिवन ठेव गो. लिवलेला खंय जाता?" तेव्हापासून ती लांबट वह्यांमध्ये प्रत्येक फोन लिहायची. तारीख, वार, वेळ, कोण बोललं, काय बिघडलं, कोणी नीट केलं. कंपनीत पुढे तक्रारींचं सॉफ्टवेअर आलं, ती त्यातही भरायची आणि वहीतही लिहायची. सगळे तिला हसायचे. ती पण हसायची आणि लिहायची.

बावीस वर्षांत ऐकून ऐकून तिला बरंच कळायला लागलं होतं. गिऱ्हाईक स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवायचं, ती ते लिहून घ्यायची, मग इंजिनिअर त्यावर काय करतो हे त्याच्या खुर्चीमागे उभं राहून बघायची. जुबेर हा सध्याचा इंजिनिअर तर तिला मुद्दाम शिकवायचा. "ताई, एवढं तुम्हीच करा ना," असं म्हणून खुर्ची सरकवून द्यायचा. पण कागदावर ती फोनवालीच होती, आणि तिला स्वतःलाही तसंच वाटायचं.

त्या वर्षी पाडवा रविवारी आला आणि लगेच सोमवारी ईद. सोमवारी जुबेर सुट्टीवर, खालचं पत्र्याचं मशीन बंद, गल्लीत नव्या कपड्यांतली पोरं आणि अत्तराचा वास. ऑफिसात सुगंधा एकटीच. आज निवांत बसून जुनी बिलं फाइल करावीत, असं मनाशी ठरवून तिने नऊ वाजता कुलूप उघडलं, तोच फोन वाजला.

मुलुंडहून पद्मजा दामले बोलत होत्या. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, शांत बोलणाऱ्या बाई. त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी मुलुंड पूर्वेला 'सोबत' नावाचं मंडळ काढलं होतं. एकट्या राहणाऱ्या चौसष्ट म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी सहा वाजता आपोआप फोन जायचा. पद्मजाताईंच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं असायचं, नमस्कार, सुप्रभात, बरं असेल तर एक दाबा. एक दाबलं की झालं. अर्ध्या तासात दाबलं नाही, तर शेजारच्या कार्यकर्त्याला मेसेज जायचा, की जाऊन दार वाजव. माणसं कमी, म्हातारे जास्त, म्हणून ही व्यवस्था. ती या कंपनीच्या सर्व्हरवरून चालायची.

आज तो फोन सहाऐवजी पाचला गेला होता.

पद्मजाताईंनी सगळं क्रमाने सांगितलं. चौसष्टांपैकी एक्केचाळीस जण झोपेत होते. साडेपाचला एक्केचाळीस मेसेज गेले आणि अर्ध्या मुलुंड पूर्वेत दारं वाजायला लागली. विमलाआजींनी दार वाजवणाऱ्यालाच विचारलं, तुला बरं नाही का. चौऱ्याऐंशी वर्षांचे श्यामसुंदर कर्णिक कानातलं यंत्र काढून झोपतात, त्यांना काही ऐकू गेलं नाही. वॉचमन आला, वरचे आले, खालचे आले, कोणीतरी चावीवाल्याला फोन लावला. तेवढ्यात कर्णिक स्वतःच दूध घ्यायला दार उघडून बाहेर आले, तर दारात अकरा माणसं. त्यांनी सगळ्यांना आत बोलावून चहा केला.

"हसू आलं, नाही असं नाही," पद्मजाताई म्हणाल्या, "पण सुगंधा, असं दुसऱ्यांदा झालंय. दिवाळीच्या सुमाराला फोन सातला गेला होता, आठवतंय? तुमच्याकडे वेळेला कोणी हात लावतं का? कारण माणसांचा विश्वास उडाला ना, तर ते फोनच उचलणार नाहीत. मग खरंच काही झालं तर आम्हाला कळायचं कसं?"

सुगंधाने वेळ लिहिली, नऊ वाजून बारा मिनिटं, आणि सांगितलं, ताई, आज संध्याकाळपर्यंत मी तुम्हाला कारण सांगते. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, हे आपण काय बोलून बसलो.

ठरलेल्या वेळी सर्व्हरने आपणहून करायच्या कामांना ऑफिसात क्रॉन म्हणत. सुगंधाने 'सोबत'चं क्रॉन उघडून पाहिलं. वेळ होती रात्री दीड. सर्व्हर जर्मनीत, तिथे रात्रीचा दीड वाजला की मुंबईत सकाळचे सहा, हे तिला माहीत होतं. दिवाळीत जुबेरने लावलेला दीड जागच्या जागी होता. कोणी हात लावला नव्हता. सर्व्हरची नोंद पाहिली तर तीही म्हणत होती, काल दीड वाजता फोन लावले, आज दीड वाजता फोन लावले. म्हणजे सर्व्हरच्या मते त्याने काही चूक केलेलीच नव्हती, आणि मुलुंडमध्ये अकरा माणसं कर्णिकांकडे चहा पीत होती.

तिने मालकांचा मुलगा सौरभ याला फोन लावला. आता कारभार तोच पाहायचा. तो म्हणाला, सुगंधाताई, त्यात काय, एक तास पुढे सरकवा आणि तक्रार बंद करा, जुबेर तेच करतो. सल्ला चुकीचा नव्हता, उद्यापुरतं काम भागलं असतं. पण पद्मजाताईंना कारण सांगायचं कबूल केलं होतं. तासभर सरकवला हे काही कारण नव्हे. शिवाय तिच्या डोक्यात सौरभचं शेवटचं वाक्य अडकून बसलं. जुबेर तेच करतो. म्हणजे किती वेळा करतो?

तिने कपाट उघडून मागच्या पाच वर्षांच्या वह्या काढल्या आणि जमिनीवर मांडी घालून बसली. 'वेळ बदलली' अशी तक्रार दिसली की त्या पानात कागदाचा तुकडा घालायचा, एवढंच काम. घाटकोपरच्या एका क्लासची चाचणी मुलांना तासभर आधी उघडली होती. बोरिवलीच्या डबेवाल्या बाईंची ऑर्डरची यादी तासभर उशिरा आली होती, भाजी चिरून झाल्यावर. अंधेरीच्या एका दवाखान्याचे निरोप पहाटेच गेले होते. प्रत्येक नोंदीपुढे तिच्याच अक्षरात शेवटी लिहिलेलं, वेळ दुरुस्त केली, जुबेर. नाहीतर त्याच्या आधीच्या इंजिनिअरचं नाव.

तासाभराने ती उभी राहिली आणि वह्यांकडे वरून पाहिलं. कागदाचे तुकडे सगळीकडे विखुरलेले असायला हवे होते. तसं नव्हतं. प्रत्येक वहीत दोनच ठिकाणी तुरे उगवल्यासारखे दिसत होते. मार्चचं शेवटचं टोक, नाहीतर ऑक्टोबरचं. ऑक्टोबरात दिवाळीची धांदल, मार्चमध्ये वर्षअखेरीची, त्यामुळे ऑफिसात सगळे म्हणायचे की लोड आला की सर्व्हर गडबडतो. तिने वार पाहिले. सोमवार, सोमवार, रविवार, सोमवार. लोड वार बघून येत नाही, एवढं तिलाही कळत होतं.

मग तिला कालचा दिवस आठवला. तिची भाची प्रांजल या हिवाळ्यापासून जर्मनीत लाइपझिगला शिकत होती. दर रविवारी तिथल्या सकाळी नऊला, म्हणजे इथल्या दुपारी दीडला, ती आत्याला व्हिडिओ कॉल करायची. वेळेची इतकी पक्की की तिचा फोन वाजला की सुगंधाचा नवरा जेवायला बसायचा. काल मात्र फोन साडेबारालाच आला होता. सुगंधाच्या हाताला पुऱ्यांचं पीठ, गॅसवर कढई. तिने नवऱ्याला फोन धरायला लावला, गुढी दाखवली, आणि लवकर का गं केलास, हे विचारायचं राहूनच गेलं.

आता तिने मेसेज केला. जर्मनीत सकाळचे सात व्हायचे होते, तरी उत्तर आलं. आत्या, मी नेहमीच्याच वेळेला केला होता, आमची घड्याळं काल पुढे गेली. उन्हाळ्यासाठी मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे. माझी एक तास झोप गेली. शेवटी हिरमुसलेल्या चेहऱ्याचं चित्र.

सुगंधाने मेसेज दोनदा वाचला. मग सर्व्हरची आणखी एक नोंद उघडली. सर्व्हर दर पाच मिनिटांनी स्वतःची तब्येत तपासून एक ओळ लिहायचा. रविवारची पहाट तिने ओळींवर बोट ठेवून वाचली. एक पन्नास. एक पंचावन्न. आणि त्याखाली थेट तीन. मधला तास नव्हताच. दोन वाजलेच नव्हते तिथे.

ती खुर्चीत मागे रेलली आणि एकटीच हसली. इतकी वर्षं आपण तक्रारी लिहिल्या, आणि कोणी चुकलंच नव्हतं. जर्मनीचं घड्याळ सरकायचं, मुंबईचं जागेवर, आणि मध्ये हे गरीब क्रॉन दीड वाजला की इमानाने फोन लावायचं.

कारण सापडलं, पण उपाय राहिला. सर्व्हरचं घड्याळच भारताचं करावं, तर त्या सर्व्हरवर आणखी दोनशे गिऱ्हाइकं होती, त्यातली काही परदेशातली. आपलं ताट सरळ करायला पंगतच हलवण्यासारखं झालं असतं. तिने जुबेरला फोन लावायला घेतला आणि ठेवला. वर्षाचा सण, माणूस आईकडे गेलेला. त्याने दाखवलेल्या गोष्टी तिने एका वेगळ्या वहीत उतरवल्या होत्या. त्यात एक ओळ सापडली, जी क्रॉनच्या वर लिहिली की वेळ आपल्या देशाची धरली जाते. तिने खऱ्या यादीला हात न लावता वेगळी यादी केली, त्यात फक्त स्वतःचा नंबर घातला, ती ओळ लिहिली आणि वेळ दिली सव्वाअकरा.

सव्वाअकरा वाजले, फोन गप्प. साडेअकरा, बारा. ती ओळ शंभरदा तपासली, अक्षर न् अक्षर बरोबर. दुपारी उशिरा डबा उघडला, तर दोन पंचेचाळीसला मोबाइल वाजला आणि पद्मजाताईंचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, नमस्कार, सुप्रभात. सुगंधाने घास हातात तसाच धरून मोजलं. पावणेतीन म्हणजे जर्मनीत सव्वाअकरा. सर्व्हर जुना होता, त्याला ती ओळ कळतच नव्हती. त्याने तिच्याकडे सरळ कानाडोळा केला होता.

एका परीने हे बरंच झालं. आता पक्कं कळलं की सर्व्हरला वेळ विचारायचीच नाही. तिने डबा संपवला, हात धुतले, आणि सरळ विचार केला. घरी एखादा माणूस वेळेच्या बाबतीत भरवशाचा नसेल तर आपण काय करतो? त्याला सांगतो, तू फक्त मला मधूनमधून हाक मार, घड्याळ मी बघेन. तिने क्रॉनला तेच सांगायचं ठरवलं. दर अर्ध्या तासाने उठ. उठलास की मुंबईत किती वाजलेत ते बघ. सहा वाजले असतील तर फोन लाव, नसतील तर गुपचूप झोप. मुंबईची वेळ बघायची ओळ तिने जुबेरने एका बँकेतल्या कामासाठी लिहिलेली पाहिली होती, ती शोधून काढली. सगळं मिळून चार ओळी. लिहायला तिला दीड तास लागला, कारण एकदा कंस राहिला आणि एकदा तो दुसऱ्याच ठिकाणी बसला.

पुन्हा स्वतःचाच नंबर, पुन्हा चाचणी, सहाच्या जागी साडेचार. साडेचारला फोन वाजला. तिने एक दाबलं. मग पाचला आणि साडेपाचला वाजत नाही ना, याची वाट पाहत बसून राहिली. नाही वाजला. खऱ्या यादीला सहाची वेळ लावून तिने मुलुंडला फोन केला.

पद्मजाताईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना जर्मनीच्या घड्याळाची गंमत वाटली, पण त्या विमा कंपनीत पस्तीस वर्षं काढलेल्या बाई. म्हणाल्या, कळलं सगळं, पण उद्या सहा वाजल्याशिवाय मी शाबासकी देणार नाही. सुगंधा म्हणाली, मी पण घेणार नाही.

मंगळवारी ती साडेपाचलाच उठून ओट्याशी उभी होती. यादीत तिने पासष्टावा नंबर स्वतःचा घातला होता. दूध तापलं, चहा झाला, नवऱ्याने विचारलं की आज कोणाचं लग्न आहे. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे, म्हणून ती मोबाइलकडे बघत होती. सहाला वाजला. तिने एक दाबलं आणि चहाचा घोट घेतला. सहा वाजून चार मिनिटांनी पद्मजाताईंचा खरा फोन आला.

"एकोणसाठ जणांनी दाबलं," त्या म्हणाल्या. "उरलेले पाच नेहमीचेच उशिरा दाबणारे. आता घे शाबासकी."

त्या दिवशी जुबेर शीरखुर्म्याचा डबा घेऊन आला. सुगंधाने त्याला आधी वह्या दाखवल्या, मग चार ओळी. त्याने त्या वाचल्या, एक मोकळी जागा काढून टाकली, बाकी काही बदललं नाही. मग तुकडे घातलेल्या वह्या एकेक उघडून चाळल्या.

"ताई, चार वर्षं मी नुसता तास इकडून तिकडे सरकवतोय," तो म्हणाला. "दर वेळी वाटायचं, चला, सुटला प्रॉब्लेम."

सुगंधा म्हणाली, मी पण दर वेळी तेच लिहून ठेवत होते की. दोघांनी शीरखुर्मा खाल्ला. मग वह्यांवरून तेवीस गिऱ्हाइकांची यादी केली, ज्यांची कामं आज ना उद्या अशीच घसरणार होती, आणि तक्रार यायच्या आधी स्वतःहून फोन लावायला घेतले. बोरिवलीच्या डबेवाल्या बाईंना आधी खरंच वाटेना की होस्टिंगवाले आपणहून फोन करतात. त्यांनी विचारलं, काही विकायचंय का?

खरी परीक्षा ऑक्टोबरात होती. शेवटच्या रविवारी जर्मनीची घड्याळं मागे गेली. सोमवारी सुगंधा अर्धा तास आधी येऊन फोनपाशी बसली, जुबेरही आला, सौरभसुद्धा काही काम नसताना डोकावून गेला. अकरापर्यंत तीन फोन आले. एकाला पासवर्ड आठवत नव्हता, एकाला बिल हवं होतं, एकाचा नंबर चुकला होता. वेळेचा एकही नाही. सौरभने दुपारी तिच्या टेबलावर एक पत्र आणून ठेवलं. त्यात तिच्या नावापुढे सपोर्ट इंजिनिअर असं लिहिलं होतं. ती म्हणाली, सर, बी. कॉम. पण पुरं नाही माझं. तो म्हणाला, तुम्ही बाविसाव्या वर्षी इथे आलात तेव्हा ते कोणी विचारलं नाही, आता कशाला विचारू?

नोव्हेंबरात 'सोबत'चा मेळावा होता, पद्मजाताईंनी तिला आग्रहाने बोलावलं. मुलुंडच्या एका शाळेचा हॉल, बटाटेवडे, आणि साठेक म्हातारी माणसं. सुगंधाला वाटलं, कोपऱ्यात बसून खाऊन निघू, पण तिला पुढे उभं केलं आणि सांगायला लावलं. तिने जर्मनीचा गेलेला तास सांगितला. विमलाआजींनी विचारलं, पण ते लोक गेलेला तास ठेवतात कुठे? सगळे हसले. सुगंधा म्हणाली, ऑक्टोबरात परत देतात, आजी.

कर्णिकांनी हात वर केला. म्हणाले, यात नवल काय, आमच्या लहानपणी मुंबईचीच वेळ वेगळी होती. देशाच्या घड्याळापेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे. घरात कोणी किती वाजले विचारलं की माझे वडील विचारायचे, कुठली वेळ हवी, आपली की त्यांची? मग दोन-चार जणांना तसंच आठवायला लागलं, कोणाचा मामा त्यामुळे मुंजीला उशिरा पोचला होता, कोणाच्या आजीने शेवटपर्यंत घड्याळ बदललं नव्हतं. वडे गार झाले तरी गप्पा संपेनात.

निघताना पद्मजाताईंनी तिला बाजूला घेतलं. रोज माझाच आवाज ऐकून लोक कंटाळलेत, रविवारी तू बोल, असं म्हणून त्यांनी तिथेच मोबाइल पुढे धरला. सुगंधा आधी नको म्हणाली. मग दोनदा घसा साफ केला, आणि खालचं पत्र्याचं मशीन चालू असल्यासारखी खणखणीत आवाजात बोलली. "नमस्कार. मी सुगंधा परब बोलतेय. मुंबईत सकाळचे सहा वाजलेत. बरं असेल तर एक दाबा."

पुढच्या रविवारी सहाच्या ठोक्याला चौसष्ट घरांत तो आवाज गेला. उशिरा दाबणारे ते पाच जणसुद्धा त्या दिवशी पहिल्या मिनिटात उठले. कर्णिकांनी पद्मजाताईंना कळवलं, की ही मुलगी बोलते तेव्हा कानातलं यंत्र लागत नाही.